पांढरं रीळ

लोकांच्या तोंडावरचा पिवळा रंग कमी करणं, हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. ऐकायला विचित्र वाटतं, पण काम खरंच तेच होतं. नव्वदच्या सुमाराला कोल्हापूरच्या राजारामपुरीत एक कलर लॅब निघाली आणि मी तिथं प्रिंटिंग मशीनवर बसायला लागलो. निगेटिव्ह सरकवायची, समोरच्या छोट्या पडद्यावर चित्र उमटायचं, आणि कागदावर छापण्याआधी दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, पिवळा किती पॉइंट कमी, लाल किती जास्त, उजेड किती. बटणं दाबायची की पुढची निगेटिव्ह. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन हजार तोंडं माझ्या डोळ्यांखालून जायची आणि एकाचंही नाव मला माहीत नसायचं.

रोज सकाळी मशीन सुरू केलं की आधी एक ठरलेली निगेटिव्ह छापायची. ती मशीनच्या कंपनीकडूनच आलेली होती. तिच्यात एक गोरी परदेशी बाई होती, सोनेरी केसांची, खांद्यावर निळी ओढणी घेतलेली. तिच्या गालाचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. मग दिवसभर आमच्या उन्हात रापलेल्या माणसांचे फोटो त्या हिशेबानं काढायचे. एकदा मी तिची प्रिंट घरी आणली तर बायकोनं ती हातात घेऊन लांबून बघितली, जवळून बघितली.

"हिलाच रोज सकाळी बघतासा व्हय? ही तर तुमची पहिली बायको झाली की."

तेव्हापासून लॅबला निघताना ती मला, पहिलीला विचारलंय म्हणून सांगा, असं म्हणायची. आम्हाला मूल झालं नाही. मंगळवार पेठेत दोन खोल्या, मागं थोडं परसदार, एक शिलाई मशीन, आणि ही असली थट्टा, असा आमचा संसार होता. ती नेसरीची. माहेरची भाषा तिच्या जिभेवरून कधी उतरली नाही आणि उतरावी असं मलाही वाटलं नाही.

सुरुवातीच्या दिवसांत मी एक मोठा घोळ घातला होता. पट्टणकोडोलीच्या यात्रेचा एक रोल आला होता. त्या यात्रेत भंडारा किती उधळतात ते बघितलेल्यालाच ठाऊक. माणसं, रस्ता, देवळाच्या पायऱ्या, सगळं हळदीनं माखलेलं असतं. मला आयुष्यात पहिल्यांदा एवढा पिवळा रंग पडद्यावर दिसला आणि मी कर्तव्यदक्ष माणूस. फोटोमागं फोटो, पिवळा कमी, आणखी कमी. छत्तीसच्या छत्तीस फोटो स्वच्छ करून ठेवले. दुसऱ्या दिवशी फोटोंचा मालक, एक दांडगा धनगर, काउंटरवर पाकीट आपटून उभा राहिला.

"पावणं, आमचा भंडारा कुठं गेला?"

त्यानं फोटो माझ्यापुढं पसरले. यात्रेतली माणसं राख फासल्यासारखी दिसत होती.

"देवाचा भंडारा धुऊन टाकलासा की वं तुमी! ही काय मर्तिकाची माणसं हायत?"

लॅबच्या मालकांनी त्याला चहा पाजला, फोटो फुकट परत छापून दिले, आणि मग मला आत नेलं. ओरडले नाहीत. माझ्यासमोर एक फोटो धरून म्हणाले, "ह्यात पांढरं काय हाय ते आधी शोध. कुणाची टोपी, कुणाचं धोतर, बैलाचं शिंग. पांढरं पांढरं दिसतंय तर मशीन बरोबर, आन् पिवळं हाय ते खरंच पिवळं हाय. पांढरं बी पिवळं दिसलं तरच बटण दाबायचं. आधी पांढरं शोधायचं, मग तोंड बघायचं." हा नियम मी पुढं शेकडो वेळा दुसऱ्यांना शिकवला.

घरी हा किस्सा सांगितल्यावर बायको हसून लोळायची बाकी राहिली. मग आमटीत हळद जास्त झाली की ताट पुढं सरकवताना म्हणायची, "करा दोन पॉइंट कमी." हे आमच्यात पंधरा वर्षं टिकलं.

या धंद्यात आणखी एक गोष्ट मनावर पक्की कोरली गेली. आमच्याकडं सगळं उतरतं, म्हणजे दिवसागणिक जोर कमी होऊन रंग बिघडतो. केमिकल उतरतं, कागद जुना झाला की उतरतो, कॅमेऱ्यात राहिलेला रोल उतरतो. गगनबावड्याकडचे रोल यायचे, शिमग्याला अर्धा काढलेला आणि गणपतीत संपवलेला. मधल्या पावसात ओल खाऊन रंग पार फिरलेले. एखादा फोटो आज पिवळा आणि उद्या जास्त पिवळा आला, तर आम्ही माणसाकडं बघतच नसू. काहीतरी उतरलंय असं म्हणून बाटल्या तपासायचो.

दोन हजार चार-पाचच्या आसपास डिजिटल कॅमेऱ्यांची हवा कोल्हापूरला लागली. रोल कमी यायला लागले. मालकांच्या कुणा पाहुण्यानं मुंबईहून एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला होता, खिशात मावेल असा, चंदेरी. मालकांनी तो माझ्यापुढं ठेवला.

"महिनाभर घरी ठेव. वापरून बघ. ह्यातला फोटो आपल्या फोटोच्या तोडीचा येतो का, खरं काय ते सांग. येत असंल तर आपल्याला सगळं मशीनच बदलाय लागंल. तुझ्या डोळ्यावर माझा इस्वास हाय."

म्हणजे काय ते मला कळलं होतं. नवीन मशीन संगणकावर चालणार, रंग ते स्वतःच ठरवणार, माझी खुर्ची जाणार. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा इथंच कबूल करून टाकतो की तो कॅमेरा मी घरी नेला तो त्याच्यात खोट काढायलाच. तपासणी अगदी रीतसर करायची, पण शेवटी तो नापास झाला पाहिजे.

सोमवारी आमची सुट्टी. पहिल्या सोमवारी सकाळी नऊच्या उजेडात मी परसदारी मांडामांड केली. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान खिळ्यांनी ठोकलं, कडेची अक्षरं फुटतात का ते बघायला. स्टुलावर बायकोच्या दोऱ्याची रिळं ओळीनं लावली. लाल, हिरवं, जांभळं, मोरपंखी, काळं. तिच्याकडं ब्लाउज शिवायला यायचे म्हणून रंगांना तोटा नव्हता. माणसाच्या कातडीचा रंग बघायचा म्हणून तिला खुर्चीत बसवलं. पाठीमागं दोरीवर पांढरा पंचा टाकला आणि तिच्या हातात पांढरं रीळ दिलं, हनुवटीजवळ धरायला. पांढरं पाहिजेच, नियम तसा होता.

"आज माझा नंबर लागला म्हणायचा," ती म्हणाली. "पहिली बायको कुठं गेली? रुसली व्हय?"

आणि हसली. नेमकं तेव्हाच मी बटण दाबलं. मंगळवारी लॅबच्या संगणकावर मोठं करून बघितलं तर तो फोटो हललेला. त्याच्या मागोमाग दुसरा नीट बसवून काढला होता, तो चांगला आला होता. गालाचा रंग अगदी बरोबर, पदराच्या काठाचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा. मला फार वाईट वाटलं. वहीत लिहिलं, "कातडी बरोबर. पंचा जळाला, पांढऱ्यात काही उरलं नाही." ही खोट खरी होती. उन्हातलं पांढरं या कॅमेऱ्याला झेपत नव्हतं, त्याचा नुसता कोरा ठिपका व्हायचा; त्यालाच आम्ही जळणं म्हणतो. पण तेवढ्यावर मालक ऐकले नसते. कार्डावर जागा थोडी, म्हणून त्या दिवशीचे तिचे दोन्ही फोटो पुसले आणि रिळांचा तेवढा ठेवला.

दुसऱ्या सोमवारी तीच खुर्ची, तीच साडी, तीच वेळ. ती थोडी कुरकुरली. अंगाला खाज सुटतीय, साबण बदलला त्यानं असंल, म्हणाली. मी म्हटलं, हलू नकोस. ह्या वेळेपासून फोटो लॅबच्या संगणकात साठवून ठेवायला लागलो. तोंड मोठं करून बघितलं आणि माझे डोळे चमकले. कातडीवर किंचित पिवळी झाक होती. गेल्या आठवड्यात नव्हती. मी दोन वेळा उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन बघितलं. झाक होतीच.

तिसऱ्या सोमवारी ती वाढली होती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागातसुद्धा दिसायला लागली होती. मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण झाला. कॅमेरा उतरत होता. तीन आठवड्यांत उतरत होता! आमचं मशीन केमिकल उतरलं तर बाटली बदलून ठीक होतं. ह्याच्या आतलं काय बदलणार? वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पिवळा दर आठवड्याला वाढतो. आतला सेन्सर उतरतोय. भरवसा नाही."

मागचा पंचा पांढराच दिसत होता, हे मी बघितलं नव्हतं असं नाही. पण पांढरं जळालं की त्यात कुठलाच रंग राहत नाही, हे मला पाठ होतं. म्हणून जळालेला पंचा साक्षीला चालत नाही, असं मी स्वतःलाच समजावलं. हातातल्या रिळाकडं मी बघितलं नाही. बघायचं मनात आलं नाही, की नको होतं, हे आजही मला सांगता येत नाही.

कुणी विचारेल, अहो, बायको घरातच होती, तिचं तोंड दिसत नव्हतं का? घरात ट्यूबलाइट होती. सकाळी नऊला मी बाहेर, रात्री आठला आत. ती वाढायची, मी वर्तमानपत्र पुढं धरून जेवायचो. तिचं तोंड मी त्या महिन्यात नीट बघितलं ते लॅबच्या पडद्यावर, आणि तेही कॅमेऱ्याची खोट शोधायला.

चौथ्या सोमवारी ती खुर्चीत बसली तेव्हा दमलेली दिसली. जेवण नको वाटतंय, म्हणाली. मी म्हटलं, उद्या डॉक्टरकडं जाऊन येऊ. मग कॅमेऱ्यातली चित्रांची यादी काढली, ऊन, ढग, बल्ब, ट्यूब. ज्या उजेडात फोटो काढायचा ते चित्र निवडायचं म्हणजे कॅमेरा रंग सावरून घेतो. पिवळा घालवायला आतून काही उपाय आहे का ते मला बघायचं होतं, म्हणजे मालकांना सांगताना कुठं फट राहायला नको. बल्बचं चित्र निवडलं की कॅमेरा पिवळा कमी करून निळा वाढवतो. तसं केलं, हिशेब जरा जुळवला, आणि फोटो काढला. पिवळी झाक गेली. गाल कसे टवटवीत.

कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मी तिला तो दाखवला. तिनं तो उजेडाकडं वळवून बराच वेळ बघितला.

"काय झालंय मला? चांगली ठणठणीत हाय की. उगंच डॉक्टरकडं कशाला जायाचं."

डॉक्टरचा विषय मीही तिथंच सोडला. फोटोत ती खरंच बरी दिसत होती.

मंगळवारी मी मालकांना वही दाखवली आणि निकाल सांगितला. कॅमेरा पिवळा मारतो, दर आठवड्याला जास्त मारतो, ह्याच्या नादाला लागू नका. ते म्हणाले, तू म्हणतोस म्हणजे बरोबर असणार. मी माझ्या खुर्चीत जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत मजेत शीळ घालत काम केलं.

त्यानंतर दोन आठवडे गेले. एका सकाळी नेसरीच्या एसटीनं तिची अक्का आली, थोरली बहीण, हातात काजूची पिशवी घेऊन. दारातून आत पाऊल टाकलं, बहिणीकडं बघितलं आणि पिशवी तिथंच खाली ठेवली.

"अगं, डोळं पिवळं धमक झाल्यात की तुझं! आन् ही हळद माखल्यागत कातडी..." मग माझ्याकडं वळली. "पावणं, तुमास्नी दिसलं न्हाई व्हय?"

अक्काला कॅमेरा माहीत नव्हता, मशीन माहीत नव्हतं. तिला दारातूनच दिसलं होतं. मी चपला घातल्या आणि रिक्षा आणायला गेलो.

पित्ताच्या नळीवर गाठ होती. डॉक्टर भले होते. आणखी लवकर आलो असतो तर, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, या आजारात महिनाभरानं फारसा फरक पडत नाही. हे खरं होतं, की माझ्याकडं बघून बोलले, ते मी पुन्हा विचारलं नाही. दवाखान्यात ती एकदा म्हणाली, "करा की दोन पॉइंट कमी." थट्टा होती. मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो. दिवाळीच्या आधी ती गेली. कॅमेऱ्याबद्दल मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

नंतरचं वर्ष सांगण्यासारखं नाही. सोमवार फार लांबायचे. शिलाई मशीनवर कापड टाकून ठेवलं. स्वयंपाकाला लागलो तर हळदीच्या डब्याला हात लाववेना, महिनोन्‌महिने पांढरी आमटी खाल्ली. लॅबला निघताना दारात क्षणभर थांबायचो, आणि कुणी काही म्हणत नाही हे लक्षात आलं की कुलूप लावायचो.

वर्षश्राद्धाच्या आधी अक्काचा निरोप आला. नेसरीच्या घरी लावायला तिचा एक फोटो पाहिजे. घरात शोधलं. लग्नातला एक, गर्दीतला. रेशन कार्डासाठी काढलेला एक, उडालेला. दुनियेचे लाखो फोटो माझ्या हाताखालून गेले आणि माझ्या बायकोचा धड एक फोटो माझ्याकडं नव्हता. मग ते सोमवार आठवले. लॅबच्या संगणकात तपासणीचे फोटो पडून होते. पहिल्या सोमवारचा हसतानाचा मी स्वतःच्या हातानं पुसला होता. तीन उरले होते.

लॅबमध्ये तोवर डिजिटल मशीन आलंच होतं. माझा निकाल वर्षभरसुद्धा टिकला नव्हता. मालकांनी मला काउंटरवर ठेवून घेतलं, त्यांचे उपकार. त्या दिवशी मी त्यांना विचारून मशीनवर बसलो आणि तिन्ही फोटो एकाशेजारी एक उघडले. पहिल्यांदा खोट शोधायची नव्हती, म्हणून सगळा फोटो बघितला. तिच्या हनुवटीपाशी तिचा हात, आणि हातात रीळ.

दुसऱ्या सोमवारच्या फोटोत रीळ पांढरं होतं. तिसऱ्या सोमवारच्या फोटोतही पांढरं. सावलीत धरलेलं, म्हणून जळालेलं नव्हतं. एकावर एक गुंडाळलेला दोरा सुटा-सुटा दिसत होता आणि त्याला पिवळ्याचा वाससुद्धा नव्हता. चौथ्या सोमवारच्या टवटवीत फोटोत मात्र रीळ निळं होतं. लांबूनसुद्धा कळावं इतकं निळं.

मालक मागं येऊन उभे राहिले तेव्हा मी त्यांना रीळ दाखवलं. त्यांना सांगायला लागलं नाही. आधी पांढरं शोधायचं, हे शब्द त्यांचेच होते.

"कॅमेरा चांगला होता," मी म्हटलं. "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"आता कशाला ते," असं काहीसं ते पुटपुटले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

अक्का आली तेव्हा तिच्यापुढं तिन्ही ठेवले. तिनं चौथ्या सोमवारचा उचलला. "ह्योच द्या. किती ग्वाड दिसतीया बघा." दिला. नेसरीच्या घरात तो आहे, त्याला चंदनाचा हार आहे, आणि तिथल्या लोकांना ती तशीच आठवावी हे मला बरं वाटतं.

माझ्यासाठी मी तिसऱ्या सोमवारचा छापला. नवीन मशीन पिवळा दिसला की आपणहून काढून टाकतं. ते बंद केलं आणि एकही पॉइंट कमी न करता छापला.

तो आता माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. गॅसवाला येतो, मीटर बघणारा येतो, शेजारच्या काकू प्रसाद द्यायला येतात. ह्या घरात येणारी माणसं एवढीच. पण प्रत्येकाची नजर तिथं जाते आणि प्रत्येक जण भल्या मनानं तेच सांगतो, की फोटो पिवळा पडलाय, तुम्ही तर त्याच लाइनीतले, दुरुस्त करून घ्या की.

मी उठतो आणि त्यांना तिच्या हातातलं रीळ दाखवतो. ते पांढरं आहे.